श्रमप्रतिष्ठा ही एक थाप आहे

निबंधाची वही 'तपासली' म्हणजे काय होतं, हे आमच्या वर्गाला नववीपर्यंत पुरतं कळून चुकलं होतं. डाव्या बाजूला समास हवा. सुरुवातीला एखादं सुभाषित किंवा अभंगाची ओळ हवी. शेवटच्या परिच्छेदात 'म्हणूनच म्हणतात' हवं. अक्षर वळणदार असलं की दहापैकी सहा, नसलं की पाच. मधल्या मजकुराचा गुणांशी काही संबंध नसायचा. मुलांनी त्याचा पुरावाही काढला होता. 'पावसाळ्यातील एक दिवस' या निबंधाच्या मधोमध एकानं आदल्या दिवशीच्या क्रिकेट सामन्याचा धावफलक लिहून टाकला, आणि तांबड्या शाईची बरोबरची खूण त्या धावफलकावरूनही सरळ खाली उतरली. वही वर्गभर फिरली, सगळे हसले. मला मात्र रडू यायचं बाकी होतं. कारण तोच निबंध मी मनापासून लिहिला होता. पत्र्यातून गळणारं पाणी तंबाखूवर पडू नये म्हणून अम्मा सूप घेऊन घरभर कशी जागा बदलत बसते, ते मी त्यात लिहिलं होतं. धावफलकाला मिळाली तीच खूण मलाही मिळाली होती.

ही गोष्ट १९९२-९३ सालची, सोलापूरच्या पूर्व भागातली. शाळा मराठी माध्यमाची, पण घरी कुणी तेलुगू बोलायचं, कुणी कन्नड, कुणी दखनी. आमच्या घरी तेलुगू. नान्ना, म्हणजे वडील, यंत्रमागावर चादरी विणायचे, बारा तासांची पाळी, एक आठवडा दिवसाची आणि एक आठवडा रात्रीची. अम्मा घरी बसून विड्या वळायची. अशोक चौकाच्या मागच्या गल्ल्यांत तेव्हा घरोघरी हेच चालायचं.

दिवाळीनंतर मराठीला नव्या बाई आल्या. पहिल्याच तासाला म्हणाल्या, "गाईड घरी ठेवा. स्वतःच्या मनातलं लिहा. मला पटलं नाही तरी चालेल."

'स्वतःच्या शब्दांत लिहा' हे सगळेच सांगायचे. त्यावर कुणाचाही विश्वास नव्हता. पण 'मला पटलं नाही तरी चालेल' हे आम्ही पहिल्यांदा ऐकत होतो. ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. बाई वही वाचतात की नाही, हे धावफलक लिहून कळलं असतं. पण न पटलेलं त्यांना खरोखर चालतं का, हे तसं कळणार नव्हतं. त्यासाठी त्यांना हमखास न पटणारं काहीतरी लिहायला हवं होतं, आणि ते मला स्वतःला खरं वाटणारं हवं होतं. चिडवण्यासाठी खोटं लिहिलं असतं तर परीक्षा माझीच झाली असती, त्यांची नाही.

डिसेंबरात संधी आली. बाईंनी पहिल्या बाकावरच्या मुलीला फळा पुसायला सांगितलं आणि वर मोठ्या अक्षरात विषय लिहिला, 'श्रमप्रतिष्ठा'.

त्या दिवशी घरी आले तेव्हा अम्मा उंबऱ्याशी बसून पानं कापत होती. तेंदूची पानं आदल्या रात्री भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची. पत्र्याचा फर्मा पानावर ठेवून कात्रीनं त्या मापाचे तुकडे कापायचे. मग मांडीवर सूप, सुपात तंबाखू. चिमूटभर तंबाखू पानात पसरायची, बोटांनी वळायची, दोरा गुंडाळायचा, तोंड दुमडायचं. पंचवीस विड्यांचं एक बंडल. दुसऱ्या दिवशी सगळं कारखान्यावर नेऊन द्यायचं. तिथं चेकर बघणार, त्याला न आवडलेल्या विड्या बाजूला काढणार, त्यांचे पैसे मिळणार नाहीत. मग पुढच्या दिवसाची पानं आणि तंबाखू वजन करून मिळणार. पानं किडकी निघाली तर कमी पडलेली पानं पदरचे पैसे घालून आणायची. हे मी जन्मापासून बघत आले होते. 'श्रमप्रतिष्ठा' या शब्दाशेजारी ठेवून मात्र त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

पहिला मसुदा हिशेबाच्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर लिहिला. तो सगळा रागाचा होता. दुसऱ्या दिवशी वाचला तेव्हा लक्षात आलं की हा कुणीही दोन मिनिटांत बाजूला टाकेल. नको असलेला निबंध टाळायला शिक्षकाजवळ तीन दारं असतात, अक्षर, शुद्धलेखन आणि 'उद्धट आहेस' हा शेरा. मी ठरवलं, तिन्ही दारं बंद करायची. अक्षर आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काढायचं. ऱ्हस्व-दीर्घ शब्दकोशात बघून घ्यायचं. तेलुगू घरातल्या मुलीला हे जास्तच करावं लागायचं, आणि 'तुमची भाषा नाही ना, म्हणून' हे मला कुणाकडूनही ऐकायचं नव्हतं. आणि शिवी एकही ठेवायची नाही. मग बाईंना उत्तर द्यायला एकच जागा उरेल, मी काय म्हणतेय ती.

शीर्षक लिहिलं, 'श्रमप्रतिष्ठा ही एक थाप आहे'. पहिलं वाक्य असं होतं: 'श्रमाला प्रतिष्ठा असते, हे श्रम न करणाऱ्यांनी श्रम करणाऱ्यांना सांगितलेले आहे.' पुढे: 'माझी आई दिवसाला हजार विड्या वळते. श्रमाने माणूस मोठा होत असता तर शहरातील सर्वांत मोठी माणसे आमच्या गल्लीत राहिली असती. पण आमच्या गल्लीत मोठी माणसे फक्त निवडणुकीच्या वेळी येतात.' त्याच्या खाली चादरींबद्दल होतं. सोलापूरची चादर देशभर ओळखली जाते, तिच्या टिकाऊपणाचं कौतुक होतं, पण ती विणणाऱ्याचं नाव चादरीवर कधीच नसतं, असं लिहिलं. शेवट असा: 'मी मोठी होऊन श्रम करणार नाही. मी खुर्चीत बसणार आहे.'

यातलं बरंचसं बाईंना सहन झालं असतं. गरिबीबद्दल लिहिलं की शिक्षक हळवे होतात, गुण देतात आणि विसरतात. मला हळवेपणा नको होता. म्हणून शेवटून दुसऱ्या परिच्छेदात एक वाक्य घातलं, आणि खरी परीक्षा त्या वाक्यातच होती: 'आमच्या बाईंनी श्रमप्रतिष्ठा हा शब्द फळ्यावर लिहिण्याआधी फळा एका मुलीकडून पुसून घेतला. फळा पुसायला बाई नेहमी मुलींनाच सांगतात.'

हे वाक्य मी कितीदा तरी खोडलं आणि परत लिहिलं. ते खरं होतं, सभ्य होतं, त्यात शुद्धलेखनाची चूक नव्हती. म्हणूनच त्याची भीती वाटत होती.

मैत्रिणीला वही दाखवली. ती म्हणाली, "काय करलालीस ग तू? घरून बोलावून आणायला सांगतील बघ." ही भीती साधी नव्हती. नान्नांनी पाळी बुडवली तर त्या दिवसाचे पैसे गेले. अम्मा कारखान्यावर वेळेत पोचली नाही तर विड्याही पडून आणि दुसऱ्या दिवसाची पानंही नाहीत. शाळेत पालकांना बोलावण्याची किंमत आमच्या घरी रुपयांत मोजली जायची. रात्रभर विचार केला. सकाळी वही दिली.

मधे गड्डा आला. सोलापुरात जानेवारीत सिद्धेश्वराची यात्रा असते, तिलाच गड्डा म्हणतात, संक्रांतीच्या आसपास नंदीध्वजांच्या मिरवणुका निघतात, अक्षता सोहळा होतो, होम मैदानावर पाळणे आणि दुकानं लागतात. शाळेचं लक्ष कुणाचंच नसतं, त्यामुळे वह्या परत यायला वेळ लागला. होम मैदानावर एका संध्याकाळी बाई दिसल्या, कडेवर लहान मुलगी होती. मी बांगड्यांच्या दुकानाआड जाऊन उभी राहिले. त्यांनी वाचलं असेल का, हेच मनात. वाचलं असेल तर चेहऱ्यावर काही दिसतंय का, तेही बघून झालं. काही दिसलं नाही.

वह्या परत आल्या त्या दिवशी माझी वही गठ्ठ्यात सगळ्यात खाली होती. बाईंनी ती काही न बोलता हातात दिली. गुण नव्हते. तांबडी शाई कुठेच नव्हती. समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरात प्रश्न लिहिले होते.

पहिल्या वाक्याशेजारी: 'कुणी सांगितले? कधी? एक तरी उदाहरण दे.' हजार विड्यांशेजारी: 'हजार म्हणजे किती तास? मोज.' मोठ्या माणसांच्या वाक्याशेजारी: 'हे टाळ्यांसाठी लिहिलेस. तरी राहू दे.' चादरीशेजारी: 'पटले.' खुर्चीशेजारी: 'मी खुर्चीत बसते. मी श्रम करते की नाही? श्रम म्हणजे काय ते आधी ठरव.' आणि फळ्याच्या वाक्याशेजारी दोनच शब्द होते: 'खरे आहे.'

पानाखाली लिहिलं होतं: 'मला मान्य नाही. गुण दुसऱ्या वेळी. मधल्या सुट्टीत भेट.'

'खरे आहे' हे मी उभ्या उभ्या परत परत वाचलं. दुसऱ्या दिवसापासून फळा पुसायची पाळी हजेरीपटाप्रमाणे लागली, मुलं-मुली दोघांची. मुलांनी कुरकुर केली. बाईंनी कारण सांगितलं नाही, माझं नावही घेतलं नाही.

मधल्या सुट्टीतलं बोलणं वऱ्हांड्यात झालं. मला वाटलं होतं, आता समजूत घालतील. त्यांनी आधी विचारलं, "तुझ्या बाजूचा सगळ्यात मोठा पुरावा या शहरातच आहे. तो तू दिलाच नाहीस. सेटलमेंट माहीत आहे?"

वस्तीचं नाव म्हणून माहीत होती. तिथं काय होतं, ते बाईंनी सांगितलं. इंग्रजांनी कायदा करून अख्ख्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या, तो पहिला कायदा १८७१ चा. अशा जमातींच्या लोकांना सोलापुरात तारेच्या कुंपणात ठेवलं होतं. हजेरी द्यायची, गिरणीत कामाला जायचं, पाळी संपली की परत कुंपणात यायचं आणि पुन्हा हजेरी द्यायची. देश स्वतंत्र झाल्यावर, १९५२ साली तो कायदा गेला. "आणि सरकार याला काय म्हणायचं?" बाई म्हणाल्या. "कामाला लावलं की ही माणसं सुधारतील. तुझं पहिलं वाक्य इथं लागू पडतं. नुसतं वाक्य लिहिलंस तर कुणीही पुसून टाकेल. याच्यासकट लिहिलंस तर पुसता येणार नाही."

ज्या माणसाला माझं म्हणणं मान्य नव्हतं, त्यानं माझ्याच बाजूचा पुरावा माझ्या हातात दिला होता. असं मोठ्या माणसानं केलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

मग त्यांनी त्यांची बाजू मांडली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना काढली, सभा घेतल्या, अर्ज केले, आणि १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. १९३० साली सोलापुरात लोक इंग्रजांविरुद्ध उठले, मार्शल लॉ म्हणजे लष्करी कायदा लागला, तेव्हा रस्त्यावर गिरणीतले कामगार होते. श्रम करणाऱ्यांनी स्वतःचा मान स्वतः मागून घेतलेला आहे, मग तो थाप कसा, असं त्यांचं म्हणणं. बाबासाहेबांनी १९३६ साली मांडलेला मुद्दाही त्यांनी सांगितला, की जात ही नुसती श्रमाची विभागणी नाही, श्रम करणाऱ्या माणसांची विभागणी आहे. "तुझ्या निबंधात जातीचा एक शब्द नाही," त्या म्हणाल्या. "विडी कोण वळतं आणि गटार कोण साफ करतं, हे योगायोगानं ठरतं का?"

मी घाबरतच म्हणाले, "बाई, रविवारची सुट्टी गिरणीतल्या माणसाला मिळाली. अम्माला कुठं आहे रविवार? ती घरी वळते. वळली नाही तर पैसे नाहीत. तिला सुट्टी कुणी द्यायची?"

बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "हे निबंधात नाही. हे लिही."

घरी जाऊन मोजायला बसले. शेजारच्या काकूंचं गजराचं घड्याळ मागून आणलं आणि अम्माच्या समोर ठेवलं. पानं कापण्यापासून बंडलं बांधण्यापर्यंत सगळं धरलं तर हजार विड्यांना दहा तास लागत होते. भागाकार केला, एका विडीला ३६ सेकंद. हे उत्तर आलं तेव्हा मला स्वतःलाच काहीतरी सापडल्यासारखं झालं. हजार हा आकडा लहानपणापासून इतका ऐकलेला होता की तो कानावरून जायचा. ३६ सेकंद मात्र मोजता येत होते. एक विडी, मग दुसरी, मान वर न करता, अशी हजार वेळा.

निबंध पुन्हा लिहिला. सेटलमेंट आली, रविवार आला, ३६ सेकंद आले. या वेळी देण्याआधी अम्माला वाचून दाखवावा असं वाटलं, कारण आता तो तिच्याबद्दल जास्त झाला होता. तिला मराठी वाचता येत नव्हतं, म्हणून मी एकेक वाक्य तेलुगूत सांगत गेले. ती विड्या वळतच ऐकत होती. छत्तीस सेकंदांवर थांबली.

"हजार कुणाचे?" तिनं विचारलं.

"तुझे."

"पानं कोण कापतं संध्याकाळी? तू. दोरा कोण गुंडाळतं? अक्का. माझे एकटीचे कुठले हजार? तिघींचे हजार आहेत. नाव फक्त माझं लागतं तिथं." आणि परत सुपाकडे वळली.

मला आजही वाटतं की त्या सगळ्या लेखनात सगळ्यात मोलाची दुरुस्ती अम्माची होती. घड्याळ लावून मी तिचे हात मोजले होते. त्याच वेळी फर्म्यावर माझे हात चालू होते, समोर अक्काचे चालू होते, आणि ते मोजायचं मला सुचलं नव्हतं. कारखान्याच्या वहीतही ते नव्हते. घरी बसून होणाऱ्या कामाचं हेच आहे, दर हजारावर ठरतो आणि त्या हजारात किती जणांचे हात आहेत हे कुणी विचारत नाही. शाळेतून आलेल्या पोरीचे, डोळ्यांनी कमी दिसणाऱ्या आजीचे, सगळे एका नावाखाली जातात. विडी कामगारांसाठी तेव्हा कायदा होता १९६६ चा, कल्याण निधीचा कायदा होता १९७६ चा, त्या निधीतून आमच्यासारख्या मुलांना शिष्यवृत्त्याही मिळायच्या, आणि त्या फार उपयोगी पडल्या. पण त्या संध्याकाळी उंबऱ्याशी बसलेल्या तीन बायकांपैकी दोघी कुठल्याच कागदावर नव्हत्या.

शेवट बदलावा लागला. 'मी मोठी होऊन श्रम करणार नाही' हे वाक्य तसंच ठेवलं आणि त्याच्या पुढे लिहिलं: 'हे वाक्य लिहिताना माझ्या बोटांना तंबाखूचा वास येत होता. मी चौदा वर्षांची आहे आणि आमच्या घरातील हजारांत माझा वाटा आहे. तो किती, हे कुणी विचारलेले नाही.' शीर्षक बदललं नाही. मैत्रीण म्हणाली, "आता तरी बदल की." नाही बदललं. मला ते अजूनही खरं वाटत होतं.

बाईंनी वही परत दिली तेव्हा पानाखाली पूर्ण परिच्छेद होता: 'मला अजूनही मान्य नाही. श्रमाची किंमत मिळत नाही हे तू सिद्ध केलेस. प्रतिष्ठा थाप आहे हे सिद्ध झालेले नाही. किंमत आणि प्रतिष्ठा या दोन गोष्टी आहेत. शेवटचा भाग फार चांगला. आईंना माझा नमस्कार सांग. ७/१०.' अशा शीर्षकाच्या निबंधाला, बाईंना पटलेलं नसताना, वळणदार अक्षरापेक्षा एक गुण जास्त मिळाला होता.

न पटलेलं खरोखर चालत होतं. ते चालतं म्हणजे काय, याची मात्र मला आधी कल्पना नव्हती. मला वाटलं होतं, बाई एक तर रागावतील, नाही तर 'शाब्बास' म्हणून सोडून देतील. वर्गातल्या पोरीशी कुणी बरोबरीनं वाद घालेल, पुरावा मागेल, स्वतःची चूक दोन शब्दांत मान्य करेल आणि तरी आपलं मत सोडणार नाही, हे माझ्या हिशेबातच नव्हतं. मुलांनी शिक्षकांची अशी परीक्षा घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. फक्त धावफलक लिहून घेऊ नये. स्वतःला खरं वाटणारं, नीट लिहिलेलं, टाळता न येणारं काहीतरी त्यांच्यापुढे ठेवावं. चांगल्या शिक्षकाला ते हवंच असतं, आणि बाकीच्यांचं काय ते आपल्याला लवकर कळतं.

मी त्या शेऱ्याखाली पेन्सिलीनं लिहिलं, 'किंमत न देता प्रतिष्ठा कशी देतात?' आणि वही परत बाईंच्या टेबलावर ठेवली. पुढच्या आठवड्यात तेच वाक्य निबंधाचा विषय म्हणून फळ्यावर होतं, साऱ्या वर्गाला. या वेळी सगळ्यात नेटका निबंध चार मागांच्या मालकाच्या मुलानं लिहिला, आणि बाईंनी त्याला तो वर्गात वाचायला लावला. त्याचे वडील रात्री स्वतः मागावर उभे राहतात, सूत उधारीवर आणतात, चादर विकली गेली नाही तर कामगाराचा आठवड्याचा पगार द्यायला बायकोच्या पाटल्या गहाण ठेवतात, असं त्यानं लिहिलं होतं. 'किंमत द्यायला मालकाकडे असली तर पाहिजे', हे त्याचं वाक्य होतं. त्यानं वाचताना माझ्याकडे बघितलं. माझ्याजवळ त्याला उत्तर नव्हतं, आणि मला ते शोधायचं होतं. त्यालाही सातच मिळाले.